इम्प्लांट बदलायचा आहे, साइज कशी ठरवली? (अनुभव हवेत)

पऱ्हाटी

आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०१९ च्या सुरुवातीला डाव्या बाजूला कॅन्सर निघाला. पूर्ण स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट बसवला. मग केमो, शेक (रेडिएशन), गोळ्या, सगळं रीतसर झालं. आजार ताब्यात आहे, तपासण्या चालू आहेत, त्याबद्दल हा धागा नाही.

धागा इम्प्लांटबद्दल आहे. शेक झाल्यानंतर तो हळूहळू कडक होत गेला. आता दाबला तरी दबत नाही. वर सरकलाय आणि बगलेकडे सारखी ओढ बसते. फळ्यावर वरच्या ओळी लिहायला हात उचलला की कळ येते. त्या कुशीवर झोपणं तर सोडूनच दिलंय. उजवी बाजू माझी स्वतःची. गोळ्यांच्या काळात वजन वाढलं तशी ती भरली आणि खाली उतरली. म्हणजे एक वर, एक खाली. पदर असतो तोवर ठीक, पण शाळेच्या स्नेहसंमेलनात पंजाबी ड्रेस घालायचा म्हटलं की मी काहीतरी कारण काढते.

नागपूरला प्लास्टिक सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, इम्प्लांटभोवतीची कॅप्सूल, म्हणजे शरीराने बनवलेला पडदा, आवळली आहे, ग्रेड तीन-चार आहे, म्हणजे बरीच, काढून नवीन टाकू. जुना ३०० सीसीचा आहे. "पुढच्या वेळी साइजचा विचार करून या, २७५ ते ३५० च्या मधलं काहीतरी," एवढं बोलले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी कसला विचार करू? ३०० तर लहान दिसतोय, मग ३५० घ्यावा असं वाटतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, तुला ज्याने त्रास होणार नाही ते घे. नेटवर फोटो बघितले तर एकीचा ३५० भलामोठा दिसतो, दुसरीचा दिसतच नाही. हा आकडा धरायचा तरी कसा?

संत्राबर्फी

ताई, माझंही रिव्हिजन, म्हणजे इम्प्लांट बदलायचं ऑपरेशन, झालंय, नागपुरातच, कॅन्सरनंतरचंच. सीसी म्हणजे इम्प्लांटमध्ये जेल किती, एवढंच. तो छातीवर किती जागा घेणार आणि पुढे किती येणार हे त्यावरून कळत नाही. तेवढ्याच पिठाची एक भाकर जाड थापा, एक पातळ थापा. पीठ तेच, परातीतली जागा वेगळी. ३०० सीसीचाच एक इम्प्लांट बुडाशी ११ सेंमीच्या आसपास रुंद आणि पुढे उंच असतो, दुसरा १२ च्या वर रुंद आणि चपटा असतो. याला प्रोफाइल म्हणतात: लो, मॉडरेट, हाय वगैरे. कंपन्यांची नावं थोडी वेगवेगळी असतात.

म्हणून सर्जन आधी छातीची रुंदी मोजतात, छातीच्या मधल्या हाडापासून बगलेच्या रेषेपर्यंत स्तनाचं बूड किती रुंद आहे ते. नवीन इम्प्लांटचं बूड त्याहून जास्त रुंद चालत नाही. झालं तर बगलेत टोचतो, हात खाली घेतला की जाणवतो, किंवा मध्ये सरकून दोन्ही बाजू एकमेकींना भिडायला लागतात. तुमची रुंदी मोजली का? नसेल मोजली तर २७५ की ३५० हा प्रश्नच अजून आलेला नाही.

आणि ते फोटो सोडून द्या. त्यातल्या बहुतेक बायकांनी मोठं दिसावं म्हणून इम्प्लांट घातलेला असतो, त्यांचा स्वतःचा स्तन वर असतो. आपल्याकडे तो थर काढून टाकलेला आहे. आपल्याला जे दिसतं ते सगळं इम्प्लांटचं असतं आणि वर पातळ कातडी. त्यांचा ३५० आणि आपला ३५० यांची तुलनाच होत नाही.

निळीशाई

+१ रुंदीला.

आकड्यांची भीती जावी म्हणून एक सांगते. १ सीसी म्हणजे १ मिली. सिरपच्या बाटलीबरोबर येणारा चमचा ५ मिलीचा असतो. म्हणजे २७५ आणि ३०० मध्ये फरक पाच चमच्यांचा. ब्लाउजवरून तो कोणालाही दिसणार नाही. २७५ आणि ३५० मधला पंधरा चमच्यांचा फरक मात्र दिसतो, आणि वजनातही कळतो, कारण सिलिकॉन जेल जवळपास पाण्याएवढंच जड असतं. ३५० सीसी म्हणजे साधारण साडेतीनशे ग्रॅम, तेही शेक घेतलेल्या कातडीवर टांगलेले.

बाजारात एक "तांदूळ टेस्ट" फिरते: तांदूळ मापून मोज्यात भरायचे आणि ब्रात घालून आरशात पाहायचं. ती ज्यांची छाती शाबूत आहे त्यांच्यासाठी. तुमच्या डाव्या बाजूला आधीच कडक इम्प्लांट बसलाय, त्यावर तांदूळ ठेवून काही कळणार नाही.

मायबाई

बाई वं, वाचूनच छातीत धस्स झालं. मी आर्वीकडची, माहंही एका बाजूचं काहाडलं, पण मी काही टाकून नाही घेतलं. कापडाचं पॅड लावतो अन् कामाले जातो. माहं भागते. पण तुले कळ येते, झोप नाही येत, त तू काहून सहन करून रायली? डॉक्टरले सारं इचार. लाजू नोको. त्याईच्याकडे टाइम नसन त कागदावर लिहून ने.

स्पष्टबोल

सगळ्यांची माफी मागून विचारतो. आजार गेला, जीव वाचला, मुलं मोठी झाली. खेड्यात या वयात पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च, तेही साइज निवडण्यासाठी? मायबाई म्हणतात तसं पॅड लावून भागतं की. कपाशीला भाव नाही आणि आपण सीसी मोजतोय.

पऱ्हाटी

@स्पष्टबोल, मला मोठं दिसायची हौस असती तर मी सहा वर्षं थांबले नसते. आत जे आहे ते आवळून दुखतंय. ते काढावंच लागणार. काढल्यावर तिथे काय ठेवायचं, ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि खर्चाचं आमचं आम्ही बघू.

@संत्राबर्फी, रुंदी मोजलेली नाही. पुढच्या वेळी तेच आधी विचारते.

थिएटरबाई

अमरावतीला ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त. प्लास्टिकच्या केसेसना उभी राहिलेय, त्यावरून लिहिते. डॉक्टर मी नाही.

पऱ्हाटी, तू लिहिलंस की ३०० लहान दिसतो म्हणून ३५० घ्यावा वाटतो. इथेच थांब. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती पातळ पडदा तयार करतं, तीच कॅप्सूल. ती सगळ्यांनाच होते, त्यात वाईट काही नाही. पण ती आवळली की आतल्या इम्प्लांटला चहूबाजूंनी दाबते. तो गोल आणि घट्ट होतो, बूड अरुंद होतं आणि तो वर चढतो. तुला जो लहान दिसतोय तो ३०० नाही, तो दाबून धरलेला ३०० आहे. कॅप्सूल कापली किंवा काढली की तोच ३०० परत पसरतो आणि खाली बसतो. टेबलावर मी हे पाहिलंय. पेशंटने आधी मोठा मागितलेला असतो आणि शेवटी जुन्याच मापाचा किंवा त्याहून थोडा लहानही पुरतो.

दुसरं म्हणजे शेक घेतलेली कातडी ताणत नाही. तिला रक्तपुरवठा कमी असतो, ती पातळ असते, आणि कॅप्सूल काढताना ती आणखी पातळ होते. तिच्यावर मोठं माप लादलं तर जखम उघडण्याची भीती, वरून इम्प्लांटच्या कडा आणि सुरकुत्या दिसण्याची भीती, आणि कालांतराने तो खाली घसरण्याचीही भीती. शेकानंतर कॅप्सूल पुन्हा आवळण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो, हे सर्जनच्या तोंडून ऐकून घे.

माप शेवटी टेबलावरच नक्की होतं. सायझर म्हणून तात्पुरते इम्प्लांट असतात. ते एकेक करून घालतात, टेबलाचं डोकं वर करून पेशंटला बसल्यासारखं करतात, आणि सर्जन पायाकडून उभे राहून दोन्ही बाजू बघतात. मग खरा डबा उघडतात. म्हणून "२७५ की ३५०" असं एकच उत्तर घेऊन जाऊ नकोस. "या रुंदीत, मला इतपत हवं, याच्यावर नको" असं सांग. एक माप वरचं, एक खालचं, असे डबे थिएटरात असतील ना, हे ऑपरेशनच्या आधी विचारून घे. आपल्याकडे इम्प्लांट बहुधा पुरवठादाराकडून मागवावे लागतात. एकच डबा आला तर तोच बसवतात, मग आतली कातडी काही का म्हणेना.

निळीशाई

थिएटरबाई, वा.

यात एक भर घालते. जुन्या इम्प्लांटचं कार्ड किंवा डिस्चार्जच्या कागदावर चिकटवलेलं स्टिकर शोधा. त्यावर कंपनी, सीसी, लॉट नंबर आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत हे असतं. खडबडीत, म्हणजे टेक्स्चर्ड, इम्प्लांटशी एका दुर्मिळ लिम्फोमाचा (एक प्रकारचा कॅन्सर) संबंध सापडला. त्यामुळे अ‍ॅलर्गन कंपनीचे बायोसेल पृष्ठभागाचे इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवले गेले. त्रास नसलेल्यांनी ते काढून घ्यावेत असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सांगितलं नव्हतं, त्यामुळे घाबरू नका. पण तुमचं ऑपरेशन त्याच वर्षीचं आहे आणि तो काढलाच जाणार आहे, तर कोणता होता हे माहीत असायला हवं. मध्येच सूज आली असेल, आत पाणी साचलं असेल, तर ते आत्ताच सर्जनना सांगा. ते पाणी तपासायला पाठवतात.

सिलिकॉनचा इम्प्लांट आतल्या आत फाटला तरी बाहेरून पत्ता लागत नाही. एफडीएच्या सल्ल्यात पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी असं आहे. तुमची वेळ झालीच आहे. फाटलेला असेल तर सर्जनची तयारी वेगळी लागते.

कोरडवाहू

ताई, मी पुरुष आहे, बायकोच्या परवानगीने लिहितो. आम्ही वाशीमकडे कोरडवाहू शेती करतो. तिलाही शेक झाले होते. सर्जनने सांगितलं की नुसता इम्प्लांट टाकला तर पुन्हा कडक होईल, पाठीचा स्नायू कातडीसकट पुढे फिरवून आणू आणि त्याखाली लहान इम्प्लांट ठेवू. पोटाच्या चरबीचा पर्यायही होता. तो तिने घेतला नाही, ऑपरेशन खूप लांबलचक असतं म्हणून.

फायदा असा की शेक न लागलेली, रक्ताची कातडी वर येते. स्नायूचा स्वतःचा भराव असतो, म्हणून आतला इम्प्लांट लहान पुरतो. तुमच्या साइजच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. तोटा असा की पाठीवर लांब टाका राहतो आणि तो खांदा पूर्वीसारखा जोर देत नाही. ती आता कापूस वेचते, निंदणही करते, पण भरलेली पाटी डोक्यावर उचलायला कोणीतरी हात द्यावा लागतो. तुमचं काम फळ्याचं आहे. खांदा तुमच्या कामाचा आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक. आमच्या घरी खर्रा होता, माझा. डॉक्टरांनी बायकोला आधी विचारलं, तुम्ही गुडाखू लावता का? तंबाखू कुठल्याही रूपात असो, कातडीचं रक्त कमी करते आणि टाके भरत नाहीत, ऑपरेशनच्या आधी काही आठवडे पूर्ण बंद पाहिजे, असं ते म्हणाले. ती लावत होती. कोणी विचारलं नसतं तर तिनं स्वतःहून सांगितलं नसतं.

संत्राबर्फी

कोरडवाहू दादा, तुमच्या पोस्टला सलाम. बायकोलाही सांगा.

पऱ्हाटी ताई, सगळे डाव्या बाजूबद्दल बोलतायत, मी उजवीबद्दल विचारते. तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग खरं तर तिकडे अडकलाय. उजवी भरली आणि उतरली, म्हणून डावी तिच्याएवढी करायची, म्हणून ३५०. असंच ना? इम्प्लांट कितीही मोठा घातला तरी तो उतरलेल्या स्तनासारखा दिसत नाही. तो वरच राहतो आणि फुगीर दिसतो. जुळवायचं असेल तर बहुधा उजवी लहान करून वर उचलतात. माझं तसंच केलं. इम्प्लांट आधीच्यापेक्षा लहान बसला आणि दोन्ही बाजू जास्त जुळल्या. मला आधी ते पटलं नव्हतं, सर्जनशी बराच वाद घातला होता.

पऱ्हाटी

हो, अगदी असंच डोक्यात होतं. पण खरं सांगू, निरोगी बाजूला सुरी लावायला मन होत नाही. एकच तर उरलीय.

थिएटरबाई

मन होत नाही तर लगेच करायची सक्तीही नाही. काही सर्जन दोन्ही एकदमच करतात. काही आधी डावी करून तीन-चार महिने बसू देतात आणि मग उजवीचं बघतात. दुसरी पद्धत तुला बरी वाटेल. आधी उजवीची मॅमोग्राफी होईलच, आणि कमी करताना काढलेला भाग तपासणीला जातो, तेही एक प्रकारे बरंच. टाके मात्र राहतात, अगदी उलट्या टी सारखे. तुझी टॅमॉक्सिफेन अजून चालू असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीख घेऊ नकोस. त्या गोळीने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, ऑपरेशनआधी थांबवायची का ते त्यांनी ठरवायचं.

आणि बाई, मे महिन्यात करू नकोस. सुट्टी असते म्हणून सगळ्या शिक्षिका तेव्हाच येतात. आपल्याकडे पारा ४५ ला जातो, त्यात ती घट्ट सर्जिकल ब्रा दिवसरात्र घालायची, घामाने पुरळ येतं आणि टाक्यांची वाट लागते.

निळीशाई

अवांतर: तुमच्या गावात टेलर कोण आहे? मला तर आधी तिनेच ओळखलं होतं. कटोरी ब्लाउजचं माप घेताना टेप फिरवला, डाव्या कटोरीत शांतपणे एक थर जास्त घातला, आणि पैसे तेवढेच घेतले. एक शब्द नाही.

पऱ्हाटी

अवांतराला अवांतर: आमच्याकडेही तशीच आहे. फक्त ती बोलते. खूप बोलते.

मायबाई

अन् हात सांभाळजो. बगलेतल्या गाठी काहाडल्या ना? त्या हाताले काटा-बिटा टोचू देऊ नोको, बीपीही त्या हातानं मोजू देऊ नोको. मले हात सुजला तवा कळलं.

पऱ्हाटी

पुन्हा जाऊन आले. सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. कागद बघून सर्जन हसले, पण बसून एकेकाचं उत्तर दिलं. (बहुतेक पहिल्या वेळी मीच काही विचारलं नव्हतं म्हणून ते बोलले नव्हते. कागद न्याच सगळ्यांनी.)

रुंदी मोजली. डावीकडचं बूड १२ सेंमी. त्यांच्या तक्त्यात ज्या प्रोफाइलचा ते विचार करतायत त्यातला ३५० त्याहून रुंद निघाला, म्हणजे तो बादच. त्याच रुंदीत ३५० हवा असेल तर हाय प्रोफाइल घ्यावा लागेल, आणि तो माझ्या कातडीवर पुढे टोकदार दिसेल, असं ते म्हणाले. चिमटीत धरून कातडीची जाडीही बघितली. ती फारच पातळ निघाली. त्यामुळे बुडाशी साडेअकराच्या आसपास रुंद, २७५ ते ३०० मधला, गुळगुळीत पृष्ठभागाचा. सायझर घालून बघणार आणि तीन मापांचे डबे मागवणार. ते संमतिपत्रातच लिहून घेतलं. कडा दिसल्या तर नंतर पोटाची थोडी चरबी सुईने भरता येईल म्हणाले.

पाठीच्या स्नायूबद्दल स्वतः विचारलं. ते म्हणाले, पहिला पर्याय म्हणून तोही चुकीचा नाही, निर्णय तुमचा. पुन्हा आवळला तर मग तोच मार्ग. मी आत्ता नको म्हटलं. उजवी चार महिन्यांनी बघू. सोनोग्राफीत इम्प्लांट फाटलेला नाही. स्टिकर सापडलं, माझा टेक्स्चर्ड होता, पण परत मागवलेल्यांतला नाही. तरी काढलेली कॅप्सूल तपासणीला पाठवणार आहेत.

तारीख दिवाळीनंतरची. नवरा म्हणाला वेचणीत मजूर लावू, तू त्याची काळजी करू नको. सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे खिचडीचं गंजही नाही. स्वयंपाकीण मावशींना सांगून ठेवलंय. वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी पत्रात "कॅन्सरनंतरची पुनर्रचना, वेदनेमुळे" असं स्पष्ट लिहून मागितलं. नुसतं "इम्प्लांट बदल" लिहिलं की वर कोणीतरी सौंदर्यासाठी म्हणून लाल शेरा मारायचं.

स्पष्टबोल

ताई, ऑपरेशन चांगलं होवो. आधीचं जरा जास्त बोललो.

गोंदियाकर

उशिरा धागा वाचला. बहिणीला सध्या एक्स्पांडर (कातडी हळूहळू ताणायची तात्पुरती पिशवी) आहे, त्यात दर आठवड्याला सलाइन भरतात. शेवटचा इम्प्लांट किती सीसीचा लागेल ते आत्ताच कळतं का?

थिएटरबाई

अंदाज येतो, नक्की नाही. एकूण किती मिली भरलं हा एक आकडा, आणि एक्स्पांडरच्या बुडाची रुंदी हा दुसरा. रुंदी स्टिकरवर असते. बहिणीला दोन्ही वहीत लिहून ठेवायला सांगा. शेक पुढे व्हायचे आहेत की झाले, त्यावर बाकीचं अवलंबून आहे. सविस्तर लिहायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे येते.